राखेच्या ट्रेमागची जागा

“उत्तम, पितरांना जेवाय बोलावलंयस का धुरी द्यायला?”

थोरले आप्पा पडवीतल्या खुर्चीवरून पप्पांवर ओरडले, आणि एवढं बोलून त्यांना असा खोकला लागला की पुढचं वाक्य त्यांनी काठी आपटूनच पूर्ण केलं.

स्वयंपाकघरात आम्ही चौघं धुरात उभे होतो. आई तव्यासमोर, पप्पा शेगडीच्या मागं, हौसा आत्ती नाकाला पदर लावून दारात, आणि मी पुरणाच्या परातीमागं, जमेल तेवढी बारीक होऊन. तव्यावर म्हाळाची पहिली पुरणपोळी होती. पंधरा मिनिटं झाली होती तिला तिथं. तरी ती अजून पांढरीफटक. एवढ्या वेळात उन्हात ठेवली असती तर तिला जरा तरी रंग आला असता, पण आजऱ्याकडं भाद्रपदात ऊन कुठलं!

अकरा वाजले होते. बाराला पितरांचं पान कौलांवर जायला हवं होतं, त्यानंतर भावकीतली तीस पानं. कावळे मात्र वेळेवर आले होते. सात होते, मी मोजले. मोजण्याशिवाय मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.

कारण शेगडी का पेटत नाही हे त्या घरात मला माहीत होतं. फक्त मलाच, असं मला वाटत होतं.

आता मी बारावीत आहे. वादविवाद स्पर्धेत माझ्यासमोरची घंटा वाजवून वाजवून सरांचा हात दुखतो, इतकी मी बोलते. पण तेव्हा मी सातवीत होते आणि माझं नाव हर्षला आहे हे निम्म्या भावकीला ठाऊक नव्हतं. मला सगळे ‘घुमी’ म्हणायचे. पाहुणे आले की मी पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि ते ‘कितवीत गं?’ विचारायच्या आत गायब व्हायचे.

तर ती शेगडी. मे महिन्यात आईनं ती आणवली होती. कमरेएवढं लोखंडी कपाट म्हणा ना. वर पातेली आणि तवा ठेवायला दोन तोंडं, बाजूला पेलेटचा डबा. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. त्या घरंगळत आतल्या भोकाभोकांच्या भांड्यात पडतात, मागचा छोटा पंखा खालून वारा देतो आणि जाळ सरळ उभा राहतो. जो काही थोडा धूर होतो तो पायपातून भिंतीबाहेर. गॅस होता आमच्याकडं, पण तो चहादुधाचा. भाकऱ्या, आमटी, जनावरांचं आंबोण, सगळं इतकी वर्षं चुलीवर. आई तेरा पावसाळे त्या चुलीपुढं ओल्या लाकडांवर फुंकर मारत बसली होती आणि रात्रंदिवस खोकत होती. शेगडी आली आणि महिन्याभरात खोकला गेला. जून लागला तेव्हा एक दिवस मी बघितलं, आईनं डोळ्यांत काजळ घातलं होतं. मी तिला काजळात पहिल्यांदाच बघत होते. चुलीपुढं ते राहायचंच नाही, तासाभरात गालावर यायचं.

थोरल्या आप्पांना शेगडी पसंत नव्हती. ते पप्पांचे थोरले चुलते, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, “बटनावरचं अन्न पितर खात न्हाईत.”

आई म्हणाली, “खातील की आप्पा. करून तर बघू.”

“बघू तर बघू. दशमीचा म्हाळ त्या डब्यावर निघाला तर माझं काय म्हणणं न्हाई. न्हाई निघाला, तर डबा गोठ्यात आणि चूल परत आत. बोल, हाय कबूल?”

“कबूल,” आई म्हणाली.

आता शेगडीच्या साफसफाईचं बघा. पप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूला देखभाल तक्ता लागतो. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागं एक तक्ता चिकटवला. रोज: भांड्याची भोकं तारेनं मोकळी करणे. एक दिवसाआड: राखेचा ट्रे रिकामा करणे. दर रविवारी: पंखा ब्रशनं झाडणे, पायपाला टिचक्या मारून काजळी पाडणे. पुढं टिक करायला चौकोन. आणि सगळ्यात वर: जबाबदारी – कु. हर्षला.

पहिले तीन महिने मी सगळं केलं. मग गणपती आले, आणि गणपतीत कोण राख काढतं? पहिल्या दिवशी मी टिक केली आणि म्हटलं, उद्या काढते. दुसऱ्या दिवशी टिक केली आणि म्हटलं, कालची आणि आजची एकदम काढते. तिसऱ्या दिवसापासून मी काहीच म्हटलं नाही, नुसती टिक केली. त्यात मी कलाकार! कधी निळं पेन, कधी काळं. एकदा तर टिक खरी वाटावी म्हणून ट्रेच्या फटीतून बोटभर राख घेऊन तक्त्यावर ठसा उमटवला. त्या तीन आठवड्यांत शेगडीतून निघालेली एकुलती एक राख ती.

“पेलेट सादळले असतील,” म्हणत पप्पांनी त्या धुरातच एक कांडी कानाजवळ मोडली. त्यांना सगळ्या वस्तूंचं कानानं कळतं. “छे. कटकन मोडली. कोरडी आहे.” मग ते वाकून पंख्याचा आवाज ऐकायला लागले. “पंखा चालू आहे. पण वारा कोंडतोय. गळा धरल्यासारखा आवाज आहे बघ.”

मी परातीमागं अजून खाली सरकले.

“राख बघायला पाहिजे,” असं म्हणून पप्पांनी खालच्या ट्रेच्या कडीला हात घातला.

“नको!”

एकाच वेळी दोन आवाज आले. एक माझा, तो नेहमीसारखा चिमणीएवढा. दुसरा हौसा आत्तीचा, बैलाला हाकारल्यासारखा.

पप्पांनी हात मागं घेतला. “का गं आक्का?”

“भाजंल की!” आत्ती पुढं झाली. “लाल झाला असंल तो ट्रे. उद्या डेपोत कुठल्या हातानं पाना धरशील? र्‍हाऊ दे ते खालचं. वरचं बघ. पायपात बघ, चिमणीनं घरटं केलं असंल.”

मला आत्तीचं इतकं प्रेम आलं म्हणून सांगू! हौसा आत्ती म्हणजे पप्पांची मोठी बहीण, दोन वर्षांपूर्वी कायमची माहेरी राहायला आलेली. तशी ती माझ्यावर दिवसभर ओरडायची. आणि आज न सांगता माझी पाठराखण करत होती. मी तिच्याकडं बघून हसले. ती हसली नाही. ती ट्रेकडं बघत होती.

“राख तर काढलेली असणारच,” पप्पा दारामागच्या तक्त्याकडं बघत म्हणाले. “कालचीच टिक आहे. हर्षा, काढलीस ना काल?”

मी मान हलवली. उभी की आडवी, ते माझं मलाच कळलं नाही.

“काढली रं तिनं,” आत्ती म्हणाली. “मी बघितली की काढताना.”

आता मात्र मी चक्रावले. न काढलेली राख काढताना आत्तीनं मला कुठं बघितलं?

पण विचाराला वेळ नव्हता, कारण पायपाला पप्पांनी पान्यानं एक ठोका दिला आणि शेगडीनं पुढच्या दारातून जो काळा ढग सोडला तो थेट पडवीत गेला. तिथून शिंका, खोकले आणि आप्पांची काठी एकदम ऐकू आली.

“सुनंदा!” आप्पांनी आईला हाक मारली. “झाली तेवढी परीक्षा पुरे. साडेअकरा झाले. तीन दगड मांड गोठ्याच्या पडवीत आणि पेटव चूल. पितर ताटकळलेत.”

आईनं ती पांढरी पोळी तव्यावरून काढली. स्टुलावर चढून माळ्यावरची फुंकणी काढली, फडक्यानं पुसली, खाली उतरली. बाहेर भुरभुर चालू होती आणि सरपण ओलं होतं, हे तिला दिसत होतं. दाराशी जाऊन ती थांबली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं आणि डोळ्यांतलं काजळ पुसून टाकलं. आधी उजव्या डोळ्यातलं, मग डाव्या. कुंकू मोडलं की आपण नीट करतो ना, इतक्या सवयीनं. चुलीपुढं बसायचं म्हणजे काजळ गालावर येणार, तर आधीच पुसलेलं बरं.

“थांब!”

हा आवाज कुणाचा म्हणून मी पण इकडं तिकडं बघितलं. पडवीतली कुजबुज बंद झाली. बारक्या चुलत्यांपासून त्यांच्या सुनांपर्यंत सगळी भावकी दाराशी गोळा झाली. सगळे माझ्याकडं बघत होते.

“चूल पेटवू नको,” मी म्हटलं. “शेगडी बिघडली नाही. शेगडी तुंबलीय. मला पंधरा मिनिटं द्या.”

“ही बोलती?” आप्पांनी शेजारच्याला विचारलं.

मी पेलेटच्या डब्याची झडप बंद केली. पप्पांचे डेपोतले जाड हातमोजे खुंटीला होते ते कोपरापर्यंत चढवले. भांडं चिमट्यानं उचलून धुमसणाऱ्या कांड्या लोखंडी घमेल्यात ओतल्या आणि घमेलं बाहेर पागोळीखाली ठेवलं. भांड्याची भोकं बघितली. चोवीस भोकं असतात. उघडी होती पाच. बाकीच्यांत राख वितळून काचेसारखे खडे बसले होते. पंखा तेवढा फिरत ठेवला, निखाऱ्यांची ऊब बाहेर जावी म्हणून. मग मी खाली बसले आणि ट्रेची कडी धरली.

“हर्षे, भाजंल गं,” आत्ती अगदी हळू म्हणाली. असा आवाज तिला काढता येतो हेच मला माहीत नव्हतं.

मी ट्रे ओढला. तो आला नाही. दोन पाय शेगडीला लावून ओढला तेव्हा आला, आणि त्याच्याबरोबर राखेचा डोंगर आला. ट्रेच्या बाहेर, ट्रेच्या खाली, ट्रेच्या मागं, नुसती राख. मागची राख ओढायला मी हात आत घातला तर पंख्याच्या तोंडाशीच काहीतरी गोल आणि टणक लागलं.

बाहेर काढलं. डबी होती. पितळेची, झाकणावर मोर असलेली, राखेनं माखलेली.

ती डबी घरात सगळ्यांना माहीत होती. हौसा आत्तीची मशेरीची डबी. तंबाखू भाजून तिची काळी पूड करायची आणि बोटानं दातांना घासत बसायचं, हे आत्तीनं चाळीस वर्षं केलं होतं. पण शिमग्यात तिनं सोडली होती. अशीतशी सोडली नव्हती. देवळात भावकीसमोर नारळावर हात ठेवून सोडली होती. तेव्हापासून ती महिला मंडळाची व्यसनमुक्तीची प्रमुख होती. आमच्या शाळेत येऊन पाऊण तास भाषण देऊन गेली होती. “मी डबी नदीत सोडली, पोरींनो,” असं म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या बाई पण रडल्या होत्या.

नदीतली डबी माझ्या हातात होती. आणि गरम होती.

मी मान वर केली. आत्ती माझ्याकडं बघत होती. तिचा चेहरा तव्यावरच्या पोळीसारखा पांढरा.

आता माझी बाजू बघा. भावकीकडं माझी पाठ होती, डबी कुणाला दिसली नव्हती. पण ती वर धरली असती आणि ‘वारा हिनं अडवलाय’ म्हटलं असतं, तर ते खोटं नव्हतं. पंख्याचं तोंड तिनंच बंद केलं होतं. सगळा गोंधळ आत्तीवर गेला असता, माझ्या टिका तशाच सुरक्षित. दोन सेकंद मला ते फार आवडलं, खरंच सांगते. मग माझ्या डोक्यात आलं, पप्पा विचारणार: राख दिवसाआड निघत होती, तर ही डबी काल कशी दिसली नाही? म्हणजे डबी दाखवली की मी पण गेले. आणि आत्तीनं माझं नाव घेतलं की डबी गेली. आम्ही दोघी एकाच ट्रेमागं लपलो होतो.

“काय घावलं गं?” आप्पांनी मागून विचारलं.

मी डबी फ्रॉकच्या खिशात टाकली. मांडीला चटका असा बसला की मी ताडकन उठून दोनदा उडी मारली.

“राख घावली,” मी म्हटलं. आणि मग, उडी मारून झालेलीच होती म्हणून असेल, पुढचं पण तोंडातून निघून गेलं. मोठ्यानं. तीस माणसांसमोर. “तीन आठवड्यांची राख आहे. मी काढलीच नाही. तक्त्यावरच्या टिका सगळ्या खोट्या आहेत. तो बोटाचा ठसा पण खोटा. शेगडीचा काही दोष नाही. आईचा तर मुळीच नाही.”



मी पप्पांकडं बघितलं नाही. डेपोत काम न करता कागद भरणाऱ्या माणसाबद्दल पप्पा काय बोलतात ते मी जेवताना कितीतरी वेळा ऐकलं होतं. ब्रेक न तपासता सही करणारा माणूस त्यांच्या लेखी चोराहून वाईट. पप्पा उठले, तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले, ठशावरून एकदा अंगठा फिरवला. मग परत आले आणि तारेचा ब्रश माझ्या हातात दिला.

“पायपाचं मी बघतो. तू भोकं मोकळी कर. चोवीसच्या चोवीस.”

पुढच्या दहा मिनिटांत मी जेवढी बोलले तेवढी त्याआधीच्या बारा वर्षांत बोलले नसेन. काकींना म्हटलं घमेलं आणा, चुलतभावाला म्हटलं टॉर्च धर, खाली धर, डोळ्यांत नको मारू. चोवीस भोकं तारेनं मोकळी केली आणि मोठ्यानं मोजली. पंखा बंद करून त्याची पाती झाडली. शेगडीच्या दाराच्या कडेची, धूर अडवणारी दोरी दाबून बसवली. आणि आश्चर्य म्हणजे सगळे ऐकत होते.

भांडं बसवलं, ताज्या कांड्या टाकल्या, पेटवल्या. पंखा घुर्र झाला आणि मोकळा श्वास घेतल्यासारखा वारा सुटला. जाळ सरळ उभा राहिला. इतका सरळ, की काकी “अगं बाई” म्हणाल्या.

त्याच क्षणी परसातून आरोळी आली. थोरले आप्पा कावळे अजून आहेत का ते बघायला मागच्या भिंतीशी गेले होते, आणि पायपाचं तोंड त्याच भिंतीतून निघतं. तीन आठवड्यांची उरलीसुरली काजळी एका फुंकरीत त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर आणि टोपीवर बसली होती. ते आत आले तेव्हा फक्त डोळे नि मिशा ओळखू येत होत्या.

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदम खोकून घेतलं.

पहिली पोळी फुगली. दुसरी फुगली. साडेबाराला पान वाढून झालं. आप्पांनी तोंड धुतलं, पान घेतलं आणि शिडीवर चढता चढता मला सुनावलं, “राख काढलीस, बरं केलंस. पण बटनावरचं अन्न पितर—”

पान कौलावर टेकायच्या आत एक कावळा खाली आला आणि त्यांच्या हातातल्या पानावरचा वडा उचलून गेला. दुसरा पोळीला भिडला. आप्पा शिडीवर तसेच उभे.

“भुकेजलेत,” ते म्हणाले. खाली उतरून पानावर बसले आणि सहा पोळ्या खाल्ल्या. गोठ्याचं नाव परत निघालं नाही.

चारच्या सुमाराला भावकी पांगली. मी परसात बसून ट्रे घासत होते. आत्ती शेजारी येऊन बसली. पदराआडून तिनं हात पुढं केला.

“आण,” ती म्हणाली.

मी डबी दिली. मांडीवर डबीएवढा लाल गोल उठला होता, तो पण दाखवला.

“बोलली न्हाईस म्हणायची.”

“तू पण बोलली नाहीस. आत्ती, खरं सांग. मी राख काढताना तू मला कधी बघितलंस?”

“कुठली बघती!” आत्ती हसली. “पावसात मशेरी सादळती. कोरडी ऱ्हायला ऊब लागती. रोज शेगडी निवली की ट्रे ओढायचा, कोपऱ्यातली डबी काढायची, लावायची, परत ठेवायची. तीन आठवडं ती राख वाढताना मीच बघितलीया. आज एवढी माणसं यायची म्हणून घाईत जरा आत ढकलली, ट्रे लाथेनं ठोकून बसवला, आणि डबी नेमकी पंख्याच्या तोंडावर बसली.”

“म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं? मी खोट्या टिका करते ते?”

“माहीत होतं म्हणून तर तिथं ठेवली.” तिनं माझ्याकडं अशा मायेनं बघितलं की मला काय वाटावं तेच कळेना. “पेटीत ठेवली तर तुझी आई आवरती. फळीवर ठेवली तर उत्तम पुसतो. ह्या घरात तू हात घालणार न्हाईस अशी खात्री असलेली एकच जागा. तुझ्यावर माझा लई भरवसा होता बघ, हर्षे.”

माझ्यावर एवढा भरवसा आजवर कुणीच टाकला नव्हता. मी ब्रश खाली ठेवला.

“आत्ती, आता मी ट्रे रोज काढणार आहे.”

“रोज?” ती दचकली. “दिवसाआड लिहिलंय की.”

“रोज. आणि मागं हात घालून.”

आत्ती डबीकडं बघत बसली. झाकणावरच्या मोराला लागलेली राख तिनं पदरानं पुसली. मग डबी उघडून काळी पूड माझ्या घमेल्यातल्या राखेत ओतली आणि रिकामी डबी माझ्या हातात दिली.

तक्ता पप्पांनी त्याच संध्याकाळी काढला. नवा लावला नाही. मी कितीदा तरी विचारलं, तर म्हणाले, “आता कशाला? तू बोलतेस की.”

मोराची डबी अजून माझ्याकडं आहे. आईचं काजळ मी तिच्यात करते.